एलीची कार्डं

तो फोटो मी टाकला. गावानं काय केलं आणि चैतरामच्या हातात इळा कसा आला, ते सगळं त्याच्यानंतरचं. आधी हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगायला माझं तोंड उघडत नाही.

बालाघाटला बस स्टँडच्या मागे एका ऑनलाइन सेंटरवर मी काम करते. फॉर्म भरायचे, आधारची दुरुस्ती करायची, झेरॉक्स काढायच्या. घरी मी आणि आई, दोघीच. माझ्या वडिलांची आत्या तुळसाबाई लामत्याच्या पुढे सहा किलोमीटर आत, सावरटोल्याला एकटी राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, वय पंच्याहत्तरच्या घरात. मी तिला आजी म्हणते. दसरा झाला की एक दिवस मी तिच्याकडे जाऊन येते, तशी गेल्या वर्षीही गेले.

त्या दिवशी तिनं फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा खाली काढला. आत कार्डं होती. जाड कागदाची, शंभर वर्षांपूर्वीची. चित्रं अशी उठावाची छापलेली की डोळे मिटून बोट फिरवलं तरी मांजराची शेपटी कळावी.

"हे एलीचे कागद," आजी म्हणाली.

मुलगी असताना आजी बैहरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. तिथल्या अमेरिकन डॉक्टरची मुलगी एली, ती आजीच्याच कडेवर वाढली. एलीचा जन्म ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेचा, आणि त्याच तारखेला त्यांच्याकडे भुतांचा सण असतो. पोरं भुतं बनून हिंडतात. कोहळं पोखरून त्याला डोळे-तोंड कोरतात आणि आत दिवा ठेवतात. एलीची आई, डॉक्टरीणबाई, तो सण दवाखान्याच्या अंगणात करायच्या.

"मले पांढरी चादर पांघरून मोहाच्या झाडामागं उभं करत," आजी हसत सांगत होती. "एली धावत येऊन माह्या गळ्यात पडे. भ्याची नाही लेक. भेव मलेच लागे."

एली आठ वर्षांची झाली तेव्हा ते लोक आपल्या देशात परत गेले. तिथं एलीच्या स्वतःच्या आजीकडं अशा जुन्या कार्डांची पेटी होती. त्यातलं एकेक कार्ड लिफाफ्यात घालून एली दर वाढदिवसाला आमच्या आजीला पाठवायची. वीस-एकवीस वर्षं कार्डं आली, मग बंद झाली. कार्डाच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर ती निळ्या शाईनं काहीतरी लिहायची, आणि तेही हिंदीत. मिशनच्या शाळेत आजी अक्षरं शिकली होती, तिनंच ती एलीला गिरवायला लावली होती.

बाजेवर ऊन पडलं होतं. दोन कार्डं मला फार आवडली. एकावर लाल झग्यातली म्हातारी, डोक्यावर टोकदार टोपी, झाडूवर बसून चंद्रासमोरून उडते आहे आणि तिच्या मागं काळं मांजर. खाली वाकड्या अक्षरात लिहिलेलं: "तुलसी बाई, मैं आऊँगी." दुसऱ्यावर पिवळ्या फ्रॉकातली लहान मुलगी मेणबत्ती धरून आरशासमोर उभी. आरशात तिच्या खांद्यामागं एक काळी सावली.

मी दोन्हींचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. माझी बहुतेक गिऱ्हाइकं हिंदीवाली, म्हणून वर हिंदीत लिहिलं: "सावरटोला वाली दादी का भूतों वाला खजाना." आजीला ते दाखवलं. ती पुन्हा हसली.

सहाव्या दिवशी दुपारी पवनचा फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर दाबून धरला होता. पवन सावरटोल्याचाच, लामता ते बालाघाट जीप चालवतो.

"नूतन, बुढीचे ते फोटो तूच टाकले का वं?"

"हौ. काहून?"

"तुले माहीतच नाही?" तो म्हणाला. "फोन पाय. मी पाठवतो."

त्यानं पाठवलेला फोटो मी काढलेलाच होता. पण आता आजीच्या नावाभोवती लाल गोल होता आणि वर लिहिलं होतं: "सावधान. सावरटोला की टोनही. नाम खुद पढ़ लो." खाली आणखी एक गोल, पिवळ्या फ्रॉकाभोवती.

टोनही म्हणजे नजरेनं माणसाचं रक्त पिणारी, लेकरं सुकवणारी बाई. आमच्याकडे हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. एखाद्या बाईला तो चिकटला की पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याबद्दलही कोणी बोलत नाही.

मी पवनला परत फोन लावला. तो हळू आवाजात बोलत होता. "चैतरामची पोरगी रुही पाच दिवसांपासून तापानं पडली हाय. तिच्याकडं असाच पिवळा फ्रॉक हाय. लालबर्र्याकडचा गुनिया आणला त्यानं, झाडफुकीवाला. गुनियानं फोटो पाह्यला. बुढीले आजच्या आज घेऊन जा."

"पोरीले दवाखान्यात काहून नाही नेत?"

"तू ये बाप्पा. फोनवर नको विचारू."

आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कोणातरी माणसाला सोबत ने. कोणाला नेणार? मी सेंटरच्या मालकाला सांगून पुढच्या बसनं निघाले.

लामत्याला पवन जीप घेऊन उभा होता.  गावाच्या अलीकडं नाला आहे, तिथं त्यानं जीप थांबवली.

"मी इथंच थांबतो," तो समोर बघत म्हणाला. "माही माय राहते या गावात, नूतन."

धान कापणीचे दिवस होते. त्या वेळी शेतात पाय ठेवायला जागा नसते, बायांच्या गाण्यांचा आणि भांडणांचा आवाज दूरवर येतो. त्या दिवशी शेतं रिकामी होती. कापलेल्या पेंढ्या न बांधता तशाच पडल्या होत्या. अर्धवट कापलेला एक वाफा, त्याच्या बांधावर कोणाची तरी पाण्याची बाटली आणि गमछा. माणसं काम टाकून गावात गेली होती.

हँडपंपावर चार बाया होत्या. मला बघून हापसा थांबला. त्यातली एक मला लहानपणापासून ओळखायची, माझ्या वडिलांना राखी बांधायची. मी हसले. तिनं नुकतीच भरलेली गुंडी उचलली आणि मी तिच्या जवळून जाताच सगळं पाणी जमिनीवर ओतून दिलं.



आजीच्या दारासमोर राखेची जाड रेघ ओढली होती. चौकटीत उलटा झाडू खोचलेला. पायरीवर मधोमध चिरलेलं कोहळं, आत कुंकू भरलेलं, त्यावर माशा. मी कोहळं ओलांडून दार ढकललं. आतून आडणा लावला होता.

"आजी, मी नूतन."

बराच वेळ काही हाललं नाही. मग आडणा सरकला. आजीचं तोंड एवढंसं झालं होतं. ती पहिलं वाक्य बोलली ते हे:

"पाणी आणलं का?"

माझ्या बाटलीतलं पाणी तिनं उभ्याउभ्या पिऊन टाकलं. दोन दिवस तिला हँडपंपावर कोणी जाऊ दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा चैतरामची बायको सीता तिथं होती, पोरगी कडेवर.

"मले पाह्यलं अन् तिनं लेकराचं तोंड पदरानं झाकलं," आजी म्हणाली. "सीतानं. चैतराम माह्या हातावर जन्मला, नूतन. नाळ मी कापली त्याची. परवापरवापर्यंत सीता मले मठ्ठा आणून दे."

"आजी, फोटो मी टाकला. माह्यामुळं झालं हे."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला स्टेटस वगैरे नीट कळत नव्हतं. "तुले काय माहीत होतं, बाई," एवढंच म्हणाली आणि खुंटीवरचं लुगडं पिशवीत भरायला लागली.

मी शंभर नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, गावाचं नाव दोनदा विचारलं, गाडी निघते आहे पण तासभर लागेल म्हणाला. दाराला आतून लावून घ्या, म्हणाला. मी पवनला सांगितलं, आम्ही मागच्या बाजूनं नाल्याकडं येतो. आजीनं बाबासाहेबांची तसबीर भिंतीवरून काढून लुगड्यात गुंडाळली. डब्याकडं बघितलं, आणि तोही पिशवीत टाकला. नको म्हणायचं मला सुचलं नाही.

मी मागचं दार उघडलं. परसात बाया बसल्या होत्या. दहा-बारा तरी असतील. कोणी बोलत नव्हतं. त्या नुसत्या दाराकडं तोंड करून उकिडव्या बसल्या होत्या, आणि दार उघडल्यावर त्यांच्यातली एकही हालली नाही.

मी दार लावून घेतलं. पुढच्या बाजूला पायांचा आवाज येत होता. पुष्कळ पायांचा. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. मग बाहेरून कोणीतरी एकदाच दारावर थाप मारली आणि म्हणालं, "बुढी, चाल."

चैतराम होता. तिशीचा, सडसडीत, डोळे तांबारलेले. कापणीतून उठून आला होता तसाच, हातात इळा. इळा आपल्या हातात आहे हे त्याच्या लक्षात तरी होतं की नाही कोण जाणे. त्याच्या मागं गल्लीभर माणसं. कित्येकांच्या हातात इळे होते, तसेच, कापणीतून आलेले. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले होते.

"चैतराम, पोलीस येऊन राह्यले," मी म्हणाले. माझा आवाज चिरका निघाला.

"येऊ दे," तो म्हणाला. "तोपर्यंत माही पोरगी वाचली पायजे."

त्यांनी आजीला धरलं नाही. धरायलाही घाबरत होते. आजूबाजूनं वाट सोडून ते चालायला लागले आणि आम्ही त्या वाटेतून चाललो. आजीचा हात माझ्या हातात होता. तिची बोटं बर्फासारखी, आणि माझी तिच्याहून.

चैतरामच्या अंगणात बाजेवर रुही पडली होती. सहा वर्षांची पोर. डोळे अर्धे उघडे, पण ती कुठं बघत नव्हती. मधूनच तिचा एक हात झटका दिल्यासारखा उडायचा. सीता उशाशी बसली होती. तिनं आजीला बघितलं आणि लेकीवर अंग टाकून तिला झाकलं.

गुनिया खुर्चीवर बसला होता. दुलीचंद त्याचं नाव. जटा, राख, असलं काही नाही. इस्त्रीचा शर्ट, मनगटात घड्याळ, समोर पेटलेल्या गोवऱ्यांचं घमेलं. हातात मोबाईल आणि त्यावर मी टाकलेला फोटो. तो हिंदीत बोलायचा, फार शांतपणे, आमच्या सेंटरवर एखाद्याला फॉर्म समजावून द्यावा तसा.

"झोले में क्या है?"

पिशवीतून त्यानं डबा काढला. कार्डं बघून गर्दीतून एक आवाज निघाला, वाऱ्यासारखा. एवढी कार्डं असतील हे कोणाला माहीत नव्हतं. तो एकेक कार्ड वर धरून सगळ्यांना दाखवायचा आणि घमेल्यात टाकायचा. घुबड. जळतं तोंड असलेलं कोहळं. "बलि का कुम्हड़ा," तो म्हणाला. काळं मांजर. प्रत्येकाखाली तेच नाव, त्याच निळ्या शाईत. तो ते मोठ्यानं वाचायचा. "तुलसी बाई. तुलसी बाई." जुना रंग हिरवट जळत होता आणि त्याचा तिखट धूर बाजेकडं जात होता. म्हातारीचं कार्ड त्यानं जास्त वेळ वर धरलं.

"मैं आऊँगी," त्यानं वाचलं. "आ गई."

पिवळ्या फ्रॉकाचं कार्ड निघालं तेव्हा सीता किंचाळली. त्याच क्षणी रुहीचं अख्खं अंग ताठ झालं आणि बाज करकरली.

मी ओरडून सांगत होते. ती भेटकार्डं आहेत, सणाची आहेत, आपण दिवाळीला पाठवतो तशी. एका पोरीनं पाठवलेली. माझं बोलणं मलाच ऐकू येत नव्हतं. कोणीतरी मागून माझा दंड धरला होता. मी वळून बघितलं. हँडपंपावरची ती बाई होती, आणि ती रडत होती. पण तिनं दंड सोडला नाही.

"पहले बाल," गुनिया म्हणाला. "फिर जीभ पर चीरा. खून बच्ची के माथे पर. सूरज डूबने से पहले."

कोणीतरी कैची आणली. सूर्य बांबूंच्या बेटाआड चालला होता. पोलिसांच्या गाडीचा पत्ता नव्हता.

आजी गुनियाकडं बघतच नव्हती. मघापासून तिचे डोळे बाजेवर होते. "सीता," ती म्हणाली, "पोरगी थंडी वाजून तापली का?"

सीतानं लेकीला आणखी घट्ट धरलं.

"पेशाब कवा केली?"

"काल सांजच्यानं नाही," सीताच्या तोंडून निघून गेलं. "त्याच्या आधी लाल केली."

"तुले ओळखते का?"

सीतानं मान हलवली. नाही.

आजीचा हात माझ्या हातात होता. तो सैल पडला. मिशनच्या दवाखान्यात तिनं असली लेकरं बघितली असणार. काहींचं काय झालं तेही. "हे तापाचं काम हाय, बाई," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने हिले."

"देखा?" गुनिया लोकांना म्हणाला. "टाल रही है. सूरज डुबो रही है."

गर्दी एक पाऊल पुढं आली. कैची धरलेला माणूस आजीच्या मागं गेला. मला वाटलं, संपलं. आणि तेव्हा आजीनं माझा हात सोडला, एकटी दोन पावलं पुढं झाली आणि म्हणाली:

"हौ. मीच केलं."

 मला वाटलं भीतीनं तिचं डोकं फिरलं.

"मीच लावलं हे पोरीले," आजी म्हणाली. तिचा आवाज तिचा नव्हता, खर्जातला होता. "लय दिवसांपासून हाय माह्या अंगात. तुमाले आज दिसलं. या गुनियाले त्यातलं अर्धंच माहीत हाय. केस कापले, जीभ चिरली, तर माह्यावालं माह्यातच राहीन, अन् पोरगी दिवा लागेपर्यंत जाईन. लावलं मी, तर काढीनबी मीच. पण या शिवेत निघत नाही ते. वैनगंगेचं पाणी लागते. बालाघाटले न्यावं लागते."

"झूठ बोल रही है," गुनिया खुर्चीतून उठला.

"टोनही कोण हाय इथं?" आजी त्याच्यावर वळली. "तू का मी?"

मोबाईल वरच होते. ती हे सगळं चार-पाच फोनांत बोलत होती. माझ्या ध्यानात आलं. दवाखान्यात न्या म्हणणाऱ्या म्हातारीचं कोणी ऐकलं नसतं. टोनहीचं ऐकणं भाग होतं.

चैतराम पुढं आला. इळ्याचं टोक आजीच्या छातीपासून वीतभर अंतरावर. "अन् पोरगी मेली तर?"

"मी तुह्या हातातच हाय," आजी म्हणाली. "बाजूले बस माह्या."

निर्णय सीतानं घेतला. ती कोणाला विचारत बसली नाही. लेकीला उचललं, पदरात गुंडाळलं आणि अनवाणी चालायला लागली. गर्दी फाटली.

पवननं आम्हाला येताना बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पण जीप चालू केली. पुढच्या सीटवर सीता आणि रुही. मागं मी, आजी आणि चैतराम. इळा त्यानं गमछात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. दर खड्ड्याला तो गमछा आजीच्या गुडघ्याला लागायचा. रुहीच्या घशातून घरघर येत होती. ती थांबली की आम्ही सगळे श्वास रोखायचो आणि पुन्हा सुरू झाली की सोडायचो.

लामत्याच्या थोडं पुढं समोरून पोलिसांची गाडी आली, दिवा फिरत होता. मी हात बाहेर काढायला उचलला. आजीनं तो घट्ट धरून खाली दाबला. तिनं नुसती मान हलवली. गाडी थांबली असती तर जबाब, चौकशी, चैतरामचा इळा, आणि पाऊण तास. पोरीकडं पाऊण तास नव्हता. पोलिसांची गाडी शेजारून निघून गेली. मागच्या काचेतून तिचा दिवा लहान होत जाताना मी बघत राहिले. तेवढी भीती मला अंगणातही वाटली नव्हती.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरीण तरुण होती. तिनं पापणी वर करून बघितली आणि धावतच पोरीला आत नेलं. रक्त तपासलं. मलेरिया, डोक्यात चढलेला. "इतने दिन घर में क्या कर रहे थे?" ती चैतरामवर ओरडली. तो गमछा पोटाशी धरून उभा राहिला.

त्याचं लक्ष आजीवर होतं. "पाणी?" तो म्हणाला. "वैनगंगेचं पाणी कुठं हाय?"

"आधी सुई लागू दे," आजी म्हणाली. "सुईनं वाट होते. मग पाणी."

मला तिनं नदीवर पाठवलं. पवननं जीपनं नेलं. मी खरंच घाटावर जाऊन बाटली भरून आणली, नळाची भरायचा धीर झाला नाही. आजीनं ओंजळीत घेऊन रुहीच्या कपाळाला लावलं, तिच्या उशाशी उभी राहिली आणि ओठ हलवायला लागली. चैतराम आणि सीता भिंतीला टेकून हात जोडून उभे. मी जवळ जाऊन ऐकलं. आजी सलाईनचे थेंब मोजत होती. एक, दोन, तीन. शंभर झाले की पुन्हा एकपासून.

नंतर व्हरांड्यात ती माझ्या खांद्याला टेकून बसली. "बाबासाहेबांनी सांगतलं होतं, भूतपिशाच मानू नका," ती म्हणाली. "आयुष्यात कधी गंडा बांधला नाही मी. तुह्या आजोबाले साप डसला तेव्हाबी भगताकडं जाऊ नाही दिलं. अन् आज साऱ्या गावासमोर काय बोलून बसले मी."

मला तिच्या पिशवीतली तसबीर आठवली. पिशवी चैतरामच्या अंगणातच राहिली होती.

दोन दिवस रुहीचं काही सांगता येत नव्हतं. चैतराम आजीपासून हातभर अंतरावर बसून राहायचा. आजी लघवीला गेली तरी दाराबाहेर उभा. तिसऱ्या दिवशी सकाळी रुहीनं डोळे उघडले, आईकडं बघितलं आणि भूक लागली म्हणाली. सीता जमिनीवर बसून गदगदा रडली. चैतरामनं गमछा उचलला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात गमछा नव्हता.

मला वाटलं, आता मिटलं. औषधानं पोरगी बरी झाली, सगळ्यांनी डोळ्यानं बघितलं.

पोलीस सावरटोल्याला जाऊन आले. गुनिया त्यांच्या हाती लागला नाही. सगळ्यांना समज दिली, आजीला त्रास झाला तर आत टाकू म्हणून सांगितलं. पण गावात लोक काय बोलतात ते मला पवननं सांगितलं. कोणी आजीबद्दल वाईट बोलत नव्हतं. "बोलली तसं काढलं," लोक म्हणत होते. "खरी हाय." तिच्या घराकडची वाट लोकांनी बंद केली, दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. आजीचे शब्द असलेला व्हिडिओ गावोगाव फिरत होता. मी टाकलेला फोटो निदान खोटा ठरवता आला असता. हे तर तिच्याच तोंडचं होतं.

आजी आमच्याकडं बालाघाटलाच राहिली.

दिवाळी झाल्यावर सीता आली. एकटीच आत आली आणि आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उठली नाही. आजीची पिशवी तिनं आणून दिली, तसबीर तशीच लुगड्यात होती. आजीनं विचारलं, "रुही कुठं हाय?"

"बाहेर हाय. तिच्या बापाजवळ."

मी खिडकीतून बघितलं. रस्त्याच्या पलीकडं चैतराम उभा होता. पोरगी कडेवर, आणि तिचं तोंड त्यानं आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं, आमच्या घराकडं बघू नये म्हणून.

"आजी," सीता हात जोडून म्हणाली, "तुमचे उपकार हायेत. पण आता माह्या पोरीवर नजर नका ठेवू. तेवढं बोला."

 मला वाटलं, ती आता तरी खरं काय ते सांगेल.

"हौ," आजी म्हणाली. "नाही ठेवत. जा तू. निवांत झोप."

सीता गेल्यावर मी चिडले. काहून असं बोलली म्हणून भांडले. आजीनं तसबीर पदरानं पुसली आणि खिळा कुठं आहे विचारलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी आई भाजी आणायला गेली होती. मी कामावर निघायच्या घाईत होते. दार वाजलं. आमच्याच गल्लीतली एक बाई होती. नाव माहीत नाही, दुधाच्या रांगेत दिसायची. तिच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेलं लेकरू.

"वो आपके यहाँ जो दादी हैं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ज़रा देख देंगी क्या?"

मी नाही म्हणणार तोच आजी मागून आली. तिनं लेकराच्या कपाळाला हात लावला. "पेशाब करता है क्या?" तिनं विचारलं. "दवाखाना ले जा बाई. अभी."

बाई मान डोलवत होती, पण ती आजीचं बोलणं ऐकत नव्हती. ती तिच्या हाताकडं बघत होती, कपाळावर टेकलेल्या. आजीनं हात काढला तेव्हा तिनं लेकराचं कपाळ पदरानं पुसलं, आमच्याकडं न बघता, दोनदा.

समोरच्या ओट्यावर आणखी दोन बाया उभ्या होत्या. एक पुरुषही होता. त्याच्या हातात मोबाईल होता, आणि तो त्यानं आमच्या दाराकडं धरला होता.

मी आजीला आत ओढलं आणि आडणा लावला.